मालवणला येताना तारखेबरोबर तिथीही बघा

खोलीसाठी फोन आला की आम्ही तारीख लिहून घेतो आणि लगेच दिनदर्शिकेत त्या दिवसाची तिथी बघतो. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. पण मालवणात काय कधी बघायचं, हे घड्याळापेक्षा समुद्र ठरवतो, म्हणून हे माहितीपत्रक.

आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, थोडं पुढंमागं होतं, पण दिवस आखायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथला वाळूचा दांडा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, सुकतीला वर येतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. भरतीच्या वेळी पोचलात तर नुसतं पाणी बघून परताल. प्रवाळ बघायचे तर उलट. सुकतीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं, त्यामुळे भरती चढताना पाण्यात उतरलेलं बरं. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. प्रवाळावर पाय ठेवू नका, ते सजीव आहेत. माशांना बिस्किटं, पाव टाकू नका. लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय आम्ही कुणालाही होडीत बसवत नाही, पट्टीचे पोहणारे असलात तरी.

सिंधुदुर्ग किल्ल्याला निवांत वेळ द्या. पाऊण तासात फोटो काढून परतणारे बघितले की आम्हाला वाईट वाटतं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याचं बांधकाम सुरू केलं. त्या वेळची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे. खडकात कोरलेले गणपती, चंद्र आणि सूर्य अजून दिसतात. आधी तिथे जा, मग होडी धरा. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. तो बुरुजांच्या वळणात लपवलेला आहे आणि त्यामागचं डोकं जागेवर उभं राहिल्यावरच कळतं. आत चुन्यात उमटलेले महाराजांचे हातापायाचे ठसे आहेत आणि राजाराम महाराजांनी बांधवलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. तिथली मूर्ती दाढी नसलेली आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी चुकवू नका. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं पाणी! किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणातून जाताना आवाज जपा.

नशिबात असेल तर सकाळी रापण बघायला मिळेल. एक होडी जाळं अर्धगोलात सोडत जाते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा ते ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात. जाळं जवळ आलं की आधी पाणी खदखदायला लागतं, वर घारी फिरू लागतात, मग चांदीसारखे बांगडे आणि तारल्या उसळताना दिसतात. मासळीचे वाटे वाळूवरच पडतात. दोराला हात लावायचा असेल तर विचारून लावा, कुणी नाही म्हणत नाही. यांत्रिक जाळ्यांमुळे रापणीला आता पूर्वीइतकी मासळी लागत नाही. म्हणून रापणीची ताजी मासळी मिळाली की आम्ही तीच घेतो. त्या दिवशी काय मिळालं त्यावर जेवण ठरतं. बांगडे असतील तर तिरफळ घालून तिखलं, सोबत सोलकढी. मासे नकोत त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे.

तुळशीच्या लग्नानंतर देवळांच्या जत्रा आणि दशावताराचे खेळ सुरू होतात. खेळ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचलेले असतात. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. थोडं लवकर गेलात तर एका छोट्या आरशासमोर बसून स्वतःच रंग लावणारे कलाकार बघायला मिळतील. पहाटे त्यातलाच एक राजा झालेला असतो.

एक दिवस हातात असेल तर १५३० साली बांधलेला धामापूरचा तलाव बघा, तिथून कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्या आहेत. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा मात्र तिथीने ठरत नाही. गाव देवीचा कौल घेतं आणि मग दिवस जाहीर होतो. तेव्हा खोल्या भराभर भरतात, लवकर कळवा.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात. एकदा एक कुटुंब जूनमध्ये खास किल्ल्यासाठी आलं आणि लहानग्याला जेट्टीवरूनच तो दाखवावा लागला. तेव्हापासून हे आम्ही फोनवरच सांगतो.

कुडाळ स्टेशनवर रिक्षा किंवा गाडी हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा. सोबत लहान मुलं आणि वयस्कर किती, मासे खाता की नाही, तेही सांगा. दुसऱ्या दिवशीच्या भरती-सुकतीच्या वेळा रोज संध्याकाळी ओटीवरच्या फळ्यावर लिहिलेल्या असतात.