मुलांमधील तोंडी स्टिरॉईड उपचार : दुष्परिणामांचे व्यवस्थापन

दमा, नेफ्रोटिक सिंड्रोम, संधिवात यांसारख्या आजारांत मुलांना पोटात द्याव्या लागणाऱ्या प्रेडनिसोलोन व तत्सम औषधांचे अनिष्ट परिणाम वेळीच ओळखणे, टाळता येतील ते टाळणे आणि उरलेल्यांची देखरेख ठेवणे, असे या व्यवस्थापनाचे स्वरूप आहे. ही औषधे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींत तयार होणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या जातीची असून, स्नायू वाढवण्यासाठी काही खेळाडू चोरून घेतात त्या स्टिरॉईडांशी त्यांचा संबंध नाही. दोहोंची गल्लत होऊन पालक विनाकारण धास्तावतात, म्हणून हा भेद आरंभीच सांगणे आवश्यक आहे.

दुष्परिणाम मुख्यतः मात्रा आणि कालावधी यांवर अवलंबून असतात. दम्याचा झटका आल्यावर तीन ते पाच दिवस दिलेल्या औषधाने भूक वाढणे, चिडचिड होणे याहून अधिक सहसा काही घडत नाही, आणि असा छोटा क्रम मात्रा न उतरवताही थांबवता येतो. खरी कसोटी नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लागते. या आजारात लघवीवाटे प्रथिने जाऊन अंगावर सूज येते. भारतातील प्रचलित पद्धतीनुसार पहिल्या खेपेस प्रेडनिसोलोन दर किलो वजनामागे सुमारे २ मिग्रॅ. (दिवसाला कमाल ६० मिग्रॅ.) सहा आठवडे रोज आणि नंतर सुमारे १.५ मिग्रॅ. (कमाल ४० मिग्रॅ.) सहा आठवडे एक दिवसाआड दिले जाते. पुढे आजार उलटला की औषध पुन्हा सुरू होते आणि काही मुलांत हे चक्र वर्षानुवर्षे चालते. उलटल्याची चाहूल घरीच लागावी म्हणून सकाळच्या लघवीची तपासणी शिकवतात : प्रथिने जात असतील तर लघवीत बुडवलेल्या तपासणी-पट्टीचा पिवळा रंग हिरवा-निळसर होतो, किंवा परीक्षानळीत तापवलेली लघवी ॲसिटिक आम्लाचे थेंब घातल्यावरही गढूळच राहते. वहीत रोज टिपलेल्या या नोंदींवरून औषध वेळेत सुरू होते आणि गरजेपेक्षा अधिक दिवस दिले जात नाही, त्यामुळे ही साधी वही दुष्परिणाम रोखण्याचेही साधन ठरते.

औषध सकाळी नाश्त्यानंतर द्यावे. शरीरातील कॉर्टिसॉल पहाटे-सकाळीच सर्वाधिक असते आणि रात्रीच्या मात्रेने झोप उडते. गोळी कडू असल्याने कुटून शिऱ्यात किंवा जॅममध्ये कालवून देता येते. पातळ औषध बदलून आणल्यास बाटलीवरील तीव्रता प्रत्येक वेळी वाचावी, कारण ५ मिलि.मध्ये ५ मिग्रॅ. आणि १५ मिग्रॅ. अशी दोन्ही मिळतात व चमचा तोच राहिला तर मात्रा तिप्पट होते.

पहिल्या काही आठवड्यांत भूक अनावर होते, चेहरा गोल होतो, गाल भरतात. जेवून उठलेले मूल तासाभरात पुन्हा डबे उघडू लागते. हा हट्ट किंवा हावरटपणा नसून औषधाचा परिणाम आहे, हे आजी-आजोबांसह सर्व घराने समजून घेतले पाहिजे. त्याला रागावणे अन्यायाचे आहे. काकडी, ताक, मोडाची उसळ, फुटाणे हाताशी ठेवावेत. फरसाण, पापड, लोणचे आणि बिस्किटे घरातच कमी आणावीत. मिठावर नियंत्रण रक्तदाबासाठीही गरजेचे असते. वारंवार तहान व लघवी लागल्यास रक्तातील साखर तपासावी.

जंतुसंसर्गाचा धोका अधिक गंभीर आहे, कारण स्टिरॉईड ताप व वेदना झाकते. नेफ्रोटिक मुलाचे पोट दुखू लागले तर ते थोडके समजू नये. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या मुलाशी संपर्क आल्यास पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रोज २ मिग्रॅ. प्रतिकिलो किंवा एकूण २० मिग्रॅ. इतकी मात्रा दोन आठवडे वा अधिक चालू असताना जिवंत लसी (दुर्बल केलेले जिवंत जंतू असलेल्या लसी) टाळतात. पल्स पोलिओच्या बूथवरील थेंबही विचारूनच पाजावेत. न्यूमोकॉकल (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस मात्र आवर्जून द्यावी.

दीर्घ उपचारात दर भेटीत उंची, वजन, रक्तदाब पाहतात आणि मोतीबिंदू व काचबिंदूसाठी वर्षातून एकदा डोळे तपासतात. हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिले जाते. रोजच्या मात्रेने उंचीची वाढ मंदावते, एक दिवसाआड पद्धतीत ती तुलनेने राखली जाते.

या सर्वांहून घातक ठरते ते दुष्परिणामांच्या भीतीने औषध परस्पर बंद करणे. बाहेरून संप्रेरक मिळत राहिल्याने अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असतात. पुरवठा अचानक तुटल्यास मूल गळून जाते, उलट्या होतात, रक्तदाब व साखर घसरते आणि जीवावर बेतू शकते. म्हणून दीर्घकाळ घेतलेले औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच हळूहळू उतरवावे. औषध थांबल्यानंतरही साधारण वर्षभर, जबर ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांत वाढीव मात्रा लागू शकते. औषध पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यावे लागते. यासाठी औषधाचे नाव, मात्रा व शेवटची तारीख लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात ठेवावी आणि तिची एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी.