बायपास की अँजिओप्लास्टी: पात्रतेचे निकष, कागदपत्रे आणि संमतीची प्रक्रिया

रिपोर्टवर ‘एलएडी ८० टक्के’ (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या नळीत ८० टक्के अडथळा) दिसलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण नुसत्या टक्केवारीवर कोणी बायपासला (छाती उघडून रक्ताला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया) किंवा अँजिओप्लास्टीला (बारीक नळी घालून फुग्याने अडथळा उघडणं आणि बहुधा तिथे स्टेंट म्हणजे जाळी बसवणं) पात्र ठरत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने इतर तज्ज्ञ संस्थांसह २००९ साली ‘योग्य वापराचे निकष’ प्रसिद्ध केले आणि पुढे ते सुधारले. त्यात पाच गोष्टी बघतात: रुग्ण कोणत्या अवस्थेत आला, त्रास किती आहे, औषधं पुरेशी देऊन झाली का, स्ट्रेस टेस्टमध्ये (हृदयावर ताण देऊन केलेल्या तपासणीत) धोका किती दिसला, आणि अडथळा कुठे व किती नळ्यांत आहे. त्यावरून १ ते ९ गुण. ७ ते ९ म्हणजे प्रक्रिया योग्य, ४ ते ६ म्हणजे योग्य असू शकते, १ ते ३ म्हणजे क्वचितच योग्य.

आता एकच अडथळा दोन माणसांत बघा. एकाला काहीच त्रास नाही, स्ट्रेस टेस्टमध्ये धोका कमी, औषधं सुरूच केलेली नाहीत, आणि अडथळा एलएडीच्या सुरुवातीला नाही. हा खालच्या गटात जातो. दुसऱ्याला पूर्ण औषधं घेऊनही चार पावलं चालली की छाती भरून येते आणि टेस्टमध्ये धोका मोठा दिसतो. हा वरच्या गटात.

तातडीच्या केसला यातलं काही लागू करत बसू नये. ईसीजीत मोठा हार्ट अटॅक दिसत असेल तर बंद नळी उघडायची, शक्यतो ९० मिनिटांच्या आत. तिथे दुसरं मत, फाइल, नातेवाइकांची बैठक, सगळं नंतर.

स्थिर रुग्णाकडे मात्र वेळ असतो, आणि घाई होते ती नेमकी इथेच. २००७ चा ‘करेज’ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इस्केमिया’ या दोन्ही अभ्यासांत, चांगल्या औषधोपचाराला सुरुवातीलाच प्रक्रियेची जोड दिल्याने मृत्यू आणि हार्ट अटॅकचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं: ही प्रक्रिया आयुष्य वाढवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? दुसरं कारणही चांगलंच आहे, फक्त ते तसं सांगितलेलं असावं. डाव्या मुख्य धमनीत ५० टक्के किंवा जास्त अडथळा असेल तर हे अभ्यास दाखवून प्रक्रिया टाळू नये. ‘इस्केमिया’मध्ये असे रुग्ण घेतलेच नव्हते.

बायपासचं पारडं कधी जड? डावी मुख्य धमनी बाधित असून इतर नळ्यांतही गुंतागुंतीचे अडथळे असताना. तीन नळ्यांचा आजार, त्यातून मधुमेह असताना (२०१२ च्या ‘फ्रीडम’ अभ्यासात मधुमेहींना बायपास सरस ठरली). हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के किंवा त्याखाली असताना. किंवा सिंटॅक्स स्कोअर (अडथळे किती गुंतागुंतीचे आहेत याचे गुण) ३३ वा अधिक असताना. स्कोअर २२ पर्यंत असेल, एखाद-दुसरी नळीच बाधित असेल किंवा शरीराला छाती उघडणं झेपणार नसेल, तर अँजिओप्लास्टी. मधल्या केसेस हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून बघायच्या असतात. अडथळा मध्यम असेल तर एफएफआर तपासणी (अडथळ्याच्या पुढे रक्ताचा दाब किती उरतो ते मोजणारी) मागावी, ०.८० किंवा कमी आला तरच त्या अडथळ्याने रक्त खरोखर अडतंय असं मानतात.

दुसऱ्या मतासाठी सर्वांत महत्त्वाचं कागदपत्र कागद नाहीच, ती अँजिओग्राफीची (नळ्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या एक्स-रे चित्रांची) सीडी. छापील रिपोर्ट म्हणजे बघणाऱ्याने मांडलेला अंदाज. सीडी घेताना ती उघडते का आणि नाव रुग्णाचंच आहे का, हे तिथेच बघून घ्यावं. सोबत ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), झाली असल्यास स्ट्रेस टेस्ट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), जुनी डिस्चार्ज कार्डं, आणि चालू औषधांची डोससह यादी. यादी जमत नसेल तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या. विमा असेल तर पूर्वमंजुरीलाही बहुधा हीच फाइल लागते.

संमतीचा फॉर्म अँजिओग्राफीच्या आधी वाचायचा, टेबलवर झोपल्यावर नव्हे. त्यावर कधी कधी ‘सीएजी, एसओएस पीटीसीए’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे अँजिओग्राफी करू, आणि गरज वाटली तर त्याच बैठकीत अँजिओप्लास्टीही. स्थिर रुग्ण असेल आणि आधी चित्रं दाखवून चर्चा हवी असेल, तर ‘फक्त अँजिओग्राफी’ असं लिहून घ्या. तसं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

बायपास ठरली तर क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण ते सर्जनने सांगितल्यावरच. आधीचा स्टेंट असेल तर ही गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. स्टेंट कधी बसवला ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.