ट्रान्झिस्टरची रचना आणि चिपचा वेग

संगणकाच्या चिपचा वेग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : तिच्यातले ट्रान्झिस्टर (विजेचे सूक्ष्म स्विच) किती झटपट चालू-बंद होतात आणि त्यात तयार होणारी उष्णता बाहेर काढता येते का. यातली दुसरी गोष्टच अधिक नडते.

ट्रान्झिस्टरमध्ये सोर्स (प्रवाह आत येण्याचे टोक) आणि ड्रेन (बाहेर पडण्याचे टोक) यांच्यामध्ये चॅनल, म्हणजे प्रवाहाची वाट असते. तिच्यावरचे गेट विद्युतदाबानुसार प्रवाह सोडते किंवा रोखते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले, की ट्रान्झिस्टरची मापे आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात घटवले, तर वेग वाढूनही तेवढ्याच क्षेत्रफळामागे लागणारी वीज वाढत नाही. चिप उद्योगाची पुढची तीस वर्षे या हिशेबावर निघाली. इंटेलची १९७१ ची ४००४ ही चिप जास्तीत जास्त ७४० किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोक्यांवर चाले. २००४ मध्ये पेंटियम मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांवर पोचली.

तिथेच घोडे अडले. ‘९० नॅनोमीटर’ नावाच्या त्या वेळच्या उत्पादन प्रक्रियेत (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) गेटखालचा सिलिकॉन डायऑक्साइडचा विद्युतरोधक थर जेमतेम १.२ नॅनोमीटर, म्हणजे मोजक्या अणूंइतका उरला होता आणि इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जात होते. विद्युतदाब आणखी उतरवावा, तर ट्रान्झिस्टर सुरू होण्याची पातळीही खाली आणावी लागते. ती साधारण ६० मिलिव्होल्टने उतरवली, की बंद अवस्थेतली विजेची गळती दहापट होते आणि चिप तापते. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि एका चिपवर अनेक कोअर (स्वतंत्रपणे गणन करणारे भाग) बसवण्याचा मार्ग धरला.

गळतीवर उपाय निघाला तो साहित्य आणि आकार बदलून. २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या चिप्समध्ये हॅफ्नियमयुक्त थर आला. तो जाड असूनही गेटची पकड ढिली होत नाही. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चेनमिंग हू यांच्या गटाने विकसित केलेला फिनफेट हा ट्रान्झिस्टरचा प्रकार आला. इंटेलने २०१२ पासून तो बाजारात आणला. यात चॅनल पातळ भिंतीसारखा उभा असतो आणि गेट त्याला तीन बाजूंनी वेढते.

‘३ नॅनोमीटर’सारखी नावे आता निव्वळ व्यापारी आहेत, चिपमधल्या कुठल्याही ठरावीक मापाशी त्यांचा संबंध नसतो. शिवाय एकाच वेफरवरच्या (चिप्स ज्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या) चिप्सही सारख्या उतरत नाहीत. चाचणीत जी जास्त वेग पेलते ती महाग विकली जाते.

ट्रान्झिस्टर एकमेकांना जोडणाऱ्या तारांचा प्रश्न वेगळाच. १९९७ मध्ये आयबीएमने ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरण्याची प्रक्रिया जाहीर केली आणि रोध कमी झाला. पण तार जसजशी बारीक होते तसतसा तांब्याचाही रोध वाढतो.