इंदूर–मुंबई: शहरं तीच, वाटा वेगळ्या

इंदूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ५०५ किलोमीटर आहे. एबी रोडनं (आग्रा–मुंबई रस्त्यानं), म्हणजे खलघाट, सेंधवा, धुळे, नाशिक असं गेलं तर ते सुमारे ५९० होतं. अवंतिका एक्सप्रेसनं मात्र ८३०च्या घरात जातं. जायचं दक्षिणेला आणि गाडी निघते उत्तरेला: उज्जैन, मग रतलाम, बडोदा, सुरत. त्यात अख्खी रात्र जाते.

या फरकाचं मूळ भूगोलात आहे. माळव्याच्या पठारावरून खाली उतरायचं म्हणजे विंध्य, नर्मदा आणि सातपुडा ओलांडणं आलं. चौंडीहून सून म्हणून आलेल्या अहिल्याबाईंच्या काळी हे सगळं मेणा, घोडा नाहीतर बैलगाडीनं व्हायचं. दक्षिणेतून इथे इंदुरात आलेल्या आपल्या मराठी घराण्यांना माहेरची वाट किती लांब वाटत असेल, ते नकाशावरच्या आकड्यांत दिसत नाही.

रेल्वे आली तीही होळकर दरबारच्या पैशानं. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये खंडवा–इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मीटरगेजची, म्हणजे अरुंद रुळांची, ही गाडी पाताळपाणी–कालाकुंडचा घाट उतरून खंडव्याला पोचायची आणि तिथे मुंबईसाठी रुंद रुळांच्या मोठ्या गाडीत बसावं लागे. सामानासकट ती गाडीबदल करणाऱ्या पिढ्या इंदूरच्या रामबागेत अजून आठवणी सांगतात.

विमानाचा विचार होळकर संस्थानानं १९३५ मध्ये केला. विमानतळाची जागा निवडताना टाटांच्या हवाई विभागातले नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेतला. १९३२च्या पहिल्या टपाल विमानाचा मुंबई–मद्रास टप्पा त्यांनीच उडवला होता. पसंती मिळाली ती इंदूरच्याच बिजासनला. सडकेनं जाणाऱ्याला सेंधव्यापुढे बिजासन घाट लागतो आणि विमानानं जाणारा बिजासन टेकडीशेजारून उडतो. दोन्ही वाटांवर तीच बिजासन देवी! १९३७ मध्ये टाटांची मुंबई–दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी सुरू झाली. होळकर आणि शिंदे, दोघांच्या राजधान्या एकाच हवाई वाटेवर आल्या.

आज वेळापत्रकात या प्रवासाला साधारण सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. जेट विमान ताशी आठशे किलोमीटर कापतं, मग एवढा वेळ का? वेळापत्रक फक्त हवेतला वेळ मोजत नाही, तर विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचा मोजतं. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि उतरण्यासाठी हवेत रांग लागते.

माझं लक्ष मात्र जमिनीवरच्या वाटेकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरच्या इंदूर–मनमाड मार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये. विमानाचं तिकीट प्रत्येक घराला, तेही गणपती-दिवाळीच्या दिवसांत, परवडत नाही. हा मार्ग झाला की मुंबईची गाडी इंदुरातून थेट दक्षिणेला निघू शकेल.