तोतया घोडा

शर्यतीच्या कागदावर एका जनावराचे नाव लावायचे, मैदानात त्याच्यासारखे दिसणारे पण त्याहून वेगवान असे दुसरेच जनावर उतरवायचे आणि त्यावर लावलेल्या पैशांतून कमाई करायची, ही घोड्यांच्या आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींतील जुनी लबाडी आहे. इंग्लंडात अशा जनावराला ‘रिंगर’ आणि ऑस्ट्रेलियात ‘रिंग-इन’ म्हणतात. मराठीत ‘तोतया’ हा शब्द चपखल बसतो, फक्त सोंगाची दिशा उलटी आहे. पानिपतानंतर उपटलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया सामान्य माणूस असून थोराचे सोंग घेऊन आला. रेसकोर्सवर थोर घोडा सामान्याचे सोंग घेतो, कारण मोठा भाव सामान्य घोड्यालाच मिळतो.

भावाचे हे गणित समजल्याशिवाय तोतया समजत नाही. ज्या घोड्याने कधी काही जिंकलेले नाही त्याला बुकी, म्हणजे पैजा घेणारा, एकाला तेहतीस (एक रुपया लावून जिंकल्यास तेहतीस रुपये) असा भाव सहज देतो. मात्र त्याच घोड्यावर अचानक पैसा पडू लागला की तो सावध होतो आणि भाव उतरवतो. म्हणजे घोडा बदलणे हे निम्मे काम झाले, आपला पैसा लपवणे हे उरलेले निम्मे. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत, तोतयाचा फारसा उपयोग नाही. तिथे जितका जास्त पैसा लावावा तितका आपलाच परतावा घटतो. तोतया हे बुकीच्या पाटीवर वाढलेले बांडगूळ आहे.

शर्यत ‘सेट’ करण्याचे इतर मार्गही आहेत. जॉकीने लगाम धरून घोडा मागे ठेवणे, याला आपल्याकडचे पंटर, म्हणजे पैजा लावणारे, ‘घोडा खेचला’ म्हणतात. (हरलेल्या जवळपास प्रत्येक पंटरचा घोडा कुणीतरी खेचलेला असतो, ही गोष्ट वेगळी.) उत्तेजक किंवा गुंगीचे औषध देणे हा दुसरा मार्ग. पण घोडा खेचून फार तर तो जिंकणार नाही एवढीच हमी मिळते. कोण जिंकेल याची हमी त्यातल्या त्यात तोतयाच देतो.

सर्वांत गाजलेला तोतया १८४४ च्या एप्सम डर्बीतला. ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची. रनिंग रेन नावाचा घोडा पहिला आला, पण तो प्रत्यक्षात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. त्या वयात एका वर्षाने ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी चिकाटीने पुरावे गोळा केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बॅरन ऑल्डरसन यांनी सांगितले, घोडा हजर करा, त्याचे दात पाहू. घोडा गायब झाला होता. रनिंग रेनच्या मालकाचा दावा तिथेच कोसळला आणि दुसऱ्या आलेल्या ऑरलँडोला डर्बी मिळाली. कट रचणारा गुडमन लेव्ही फ्रान्सला पळाला. याहून विचित्र गोष्ट अशी की त्याच शर्यतीत लिअँडर नावाच्या घोड्याचा पाय मोडला, त्याला ठार करावे लागले, आणि नंतर जबडा तपासला तर तोही तीन वर्षांचा नव्हता. एकाच डर्बीत दोन तोतये, आणि त्यातल्या एकाचा पाय दुसऱ्याच्या टापेने मोडलेला.

न्यायमूर्तींनी दातच का मागितले, हे बैलबाजार पाहिलेल्या मराठी वाचकाला सांगावे लागू नये. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याचा क्रम घोड्यातही वयानुसार ठरलेला असतो. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींच्या मैदानात ‘आदत’ गट वेगळा ठेवतात, तो याच हिशेबाने: दुधाचे दात न पडलेली खोंडे आदत, दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. जनावराच्या रंगाला रंग फासता येतो, जबड्याला सहजी फासता येत नाही.

रंग फासण्यात पीटर ख्रिश्चन बॅरी या इसमाचा हात धरणारा कुणी नव्हता. १९१९ मध्ये इंग्लंडातील स्टॉकटनला त्याने कोट ऑफ मेल या सुमार घोड्याच्या नावावर जॅझ नावाचा मोठा, चांगला घोडा पळवला आणि १९२० मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो अमेरिकेत गेला आणि तिथेही हाच धंदा मांडला. १९३१ मध्ये मेरीलँडमधील हाव्र द ग्रास येथे अकनाटन नावाचा घोडा त्याने शेम म्हणून जिंकवला. पुढे अमेरिकेतील रेसच्या घोड्यांच्या वरच्या ओठाच्या आत ओळखक्रमांक गोंदण्याची पद्धत १९४७ पासून आली, ती अशाच कलाकारांमुळे.

पैसा लपवण्याची कला समजून घ्यायची तर १९५३ चे फ्रँकासाल प्रकरण पाहावे. १६ जुलै रोजी बाथ येथील एका किरकोळ शर्यतीत फ्रँकासाल या नावाने सांता अमारो हा सरस घोडा पळाला. दोघेही फ्रान्सहून आणलेले. मैदानाबाहेरच्या बुकींकडे मोठ्या रकमा लावल्या होत्या आणि हे बुकी शर्यत सुटतानाच्या मैदानातील भावाने पैसे देत. अंगावर बोजा आला की ते फोनवरून तो पैसा मैदानात पाठवत आणि तिथला भाव पाडत. म्हणून टोळीने शर्यतीच्या थोडे आधी रेसकोर्सची टेलिफोनची केबलच कापली. घोडा एकाला दहाच्या भावाने जिंकला. पण केबल कापली गेल्यामुळेच संशय आला, आणि पुढच्या वर्षी चौघे तुरुंगात गेले.

१९७४ च्या गे फ्यूचर प्रकरणात केबल कापावी लागली नाही. एका आयरिश टोळीने शर्यतच अशी निवडली की जिथे फोनची सोय जवळपास नव्हती: उत्तर इंग्लंडातील कार्टमेल, २६ ऑगस्ट, बँक हॉलिडे. इथे सोंगातही गंमत केली होती. स्कॉटलंडमधील ट्रेनरच्या तबेल्यात गे फ्यूचर या नावाने महिनोन्‌महिने एक तोतया उभा होता, तर खरा घोडा आयर्लंडमध्ये तयार होत होता. मैदानावर जाताना वाटेत अदलाबदल झाली. म्हणजे पळाला तो खराच घोडा. तो घाबरून घामेजला आहे असे वाटावे म्हणून त्याच्या पायांना साबणाचा चुरा चोळला होता. लंडनमध्ये लावलेले पैसे एकट्या त्याच्यावर नव्हते, त्याच ट्रेनरच्या आणखी दोन घोड्यांशी जोडलेले होते. ते दोन घोडे ऐनवेळी शर्यतींतून काढले गेले आणि नियमानुसार सगळा पैसा गे फ्यूचरवर आला. तो पंधरा लांबींनी जिंकला. ते दोन घोडे तबेल्यातून निघालेच नव्हते हे कळल्यावर डाव फुटला. १९७६ मध्ये ट्रेनर आणि मुख्य सूत्रधार दोषी ठरले. दंड प्रत्येकी १,००० पौंड.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातील फाइन कॉटन. इतक्या गबाळ्या कारस्थानाला कारस्थान म्हणावे का, असा प्रश्न पडतो. फाइन कॉटनसारखा हुबेहूब दिसणारा घोडा आधी मिळवला होता, तो जखमी झाला. बेत रद्द करण्याऐवजी मंडळींनी बोल्ड पर्सनॅलिटी नावाचा भलत्याच रंगाचा घोडा आणला, त्याला माणसांच्या केसांचा कलप लावला आणि पायांवर पांढरे पट्टे चक्क रंगाने रंगवले. १८ ऑगस्ट १९८४ रोजी ब्रिस्बेनच्या ईगल फार्मवर शर्यत झाली. भाव एकाला तेहतीसवरून दोनाला सातपर्यंत कोसळला, कारण ही ‘खात्रीची’ टिप देशभर पसरली होती. घोडा थोडक्यात जिंकला. परत येताना पायांवरचा रंग ओघळत होता आणि प्रेक्षक ‘रिंग-इन!’ म्हणून ओरडत होते. स्ट्यूअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, घोड्याचे कागद मागितले तेव्हा ट्रेनर सटकला. घोडा बाद झाला, मुख्य आरोपी तुरुंगात गेले. कटाची आधीच कल्पना असल्याचा ठपका ठेवून सिडनीतील नामांकित बुकी बिल वॉटरहाउस आणि त्यांचे पुत्र रॉबी यांना रेसकोर्सबंदी झाली, ती १९९८ पर्यंत टिकली.

कुत्र्यांच्या शर्यतीत जॉकी नसतो, त्यामुळे खेचण्याचा प्रश्नच नाही. जे काही करायचे ते शर्यतीआधी, कुत्र्याच्या पोटात किंवा त्याच्या ओळखीत. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळू लागले आणि हा खेळ ब्रिटनमध्ये झपाट्याने पसरला. एका काळ्या ग्रेहाउंडला दुसऱ्या काळ्या ग्रेहाउंडपासून वेगळे काढणे सामान्य प्रेक्षकाला अशक्यच. म्हणून प्रत्येक कुत्र्याचे ओळखपुस्तक आले. त्यात रंग, खुणा, व्रण इतकेच नव्हे तर एकेका नखाचा रंगही नोंदवला जाई. पोट भरून कुत्रा मंदावण्याची युक्ती ओळखण्यासाठी शर्यतीआधी वजन होते, आणि ते मागच्या वेळेपेक्षा एक किलोहून जास्त वेगळे भरले तर कुत्र्याला काढून टाकतात.

भारतात कुत्र्यांच्या शर्यतींवर अधिकृत टोट नाही. घोड्यांची रेस मात्र महालक्ष्मीला १८८३ पासून आहे, आणि हंगामानुसार पुण्यातही होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. घोड्याचा वंश, त्याची मागची कामगिरी, जॉकी यांचा अभ्यास करता येतो, हा त्यामागचा एक आधार. तोतया नेमका या अभ्यासालाच सुरुंग लावतो, कारण पुस्तकात वाचलेला घोडा आणि पळणारा घोडा वेगळेच असतात. भारतीय रेसच्या घोड्यांच्या वंशावळीची नोंदवही, स्टड बुक, पुण्यातून सांभाळली जाते.

आता मानेत बसवलेली मायक्रोचिप आणि डीएनए यांमुळे कलपाचे दिवस संपले आहेत. तरी २७ जुलै २०१७ रोजी इंग्लंडातील यारमथ येथे दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत मिलीज किस म्हणून पळालेली, एकाला पन्नासच्या भावाने जिंकलेली घोडी चिप तपासल्यावर तीन वर्षांची मँडरिन प्रिन्सेस निघाली. यात कट नव्हता, एकाच तबेल्यातील दोन घोड्यांची गफलत झाली होती. मैदानात आल्यावर चिप तपासलेली होती, पण नंतर चुकीची घोडी बाहेर काढली गेली. ती पुढे बाद ठरली. पैशांच्या हिशेबापुरता मात्र त्या दिवशी जाहीर झालेला निकालच कायम राहिला.