आधी सॉकेट बघा

संगणकाच्या मुख्य बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, प्रोसेसर जिथे बसतो ती जागा म्हणजे सॉकेट. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर उलटा करून पाहिला, तर खाली १३३१ सोनेरी पिना दाटीवाटीने उभ्या दिसतात. एवढ्या पिना कशाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत होता. मला वाटायचं, माहितीची ये-जाच तेवढी असणार. खरं तर त्यांतल्या पुष्कळशा नुसती वीज आत आणायला आणि परत न्यायला असतात.

प्रोसेसर साधारण १.२ व्होल्टच्या आसपास चालतो. त्याला १२० वॉट हवे असतील, तर १.२ ने भागून पाहा: १०० अँपिअर! घरातला ७५० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर चालतो, म्हणून त्याला साडेतीन अँपिअरही लागत नाहीत. मिक्सरच्या तीसपट प्रवाह बोटभर चिपमध्ये न्यायचा, तर तो शेकडो पिनांत वाटूनच न्यावा लागतो. सॉकेटच्या कडेने मदरबोर्डवर जे चौकोनी ठोकळे रांगेत बसवलेले दिसतात, तो व्हीआरएम. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट तो एवढ्या खाली उतरवतो. बोर्ड घेताना रंगीत दिव्यांपेक्षा हे ठोकळे आणि त्यांच्याजवळचं, उष्णता बाहेर टाकणारं हीटसिंक पाहावं, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

उरलेल्या पिना रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीकडे जातात. रॅमशी बोलणारा भाग हल्ली प्रोसेसरच्या पोटातच असतो, त्यामुळे रॅम कोणती हेही सॉकेटबरोबर ठरून जातं. एएम४ला डीडीआर४, एएम५ला डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले, पण त्यांतला कोणता चालेल ते बोर्डावर अवलंबून. म्हणून सॉकेट चुकलं, की पुढच्या वेळी प्रोसेसरबरोबर बोर्ड जातो आणि बहुधा रॅमही.

इंटेलने सॉकेट भराभर बदललं. २०१५ साली एलजीए ११५१ आलं. २०१७च्या आठव्या पिढीचं सॉकेट नावाने तेच होतं, तरी तिला नवा बोर्ड लागला. मग २०२०मध्ये १२००, २०२१मध्ये १७००, २०२४मध्ये १८५१. एएमडीचं एएम४ मात्र टिकलं, आणि तेही सरळ वाटेने नाही. मे २०२०मध्ये कंपनीने जाहीर केलं, की येणारे झेन ३ पिढीचे प्रोसेसर आधीच्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. अडचण खरी होती. बायोस म्हणजे बोर्डावरचा, संगणक सुरू करून देणारा प्रोग्राम. अनेक बोर्डांवरची त्याची चिप १६ मेगाबाइटची, आणि एवढ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची ओळख तिच्यात मावत नव्हती. पण ग्राहकांनी इतका गहजब केला, की त्याच महिन्यात निर्णय फिरला. जुन्या काही प्रोसेसरांची ओळख पुसून नव्यांना जागा करून दिली गेली. २०२२मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ती मुभा मिळाली.

त्या हट्टाचं फळ एप्रिल २०२२मध्ये आलं: रायझन ७ ५८००एक्स३डी. त्याच्या साध्या भावाचा, ५८००एक्सचा, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, याचा ४.५. वेगाने कमी, आणि तरी बहुतेक गेममध्ये हाच पुढे. कारण आहे कॅशमध्ये. स्वयंपाक करणारी बाई मोहरी-हळदीसाठी दरवेळी कोठीच्या खोलीत जात नाही. मिसळणाचा डबा शेगडीशेजारीच असतो. कॅश म्हणजे तो डबा, रॅम म्हणजे कोठी. कॅशमधून माहिती यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, रॅममधून त्याच्या कित्येक पट. गेममध्ये पुढच्या क्षणी कोणता शत्रू, कोणती भिंत, कोणती गोळी लागेल याचा अंदाज बांधणं कठीण, आणि ही माहिती रॅमभर विखुरलेली असते. सेकंदाला १४४ चित्रं हवी असतील, तर एका चित्रासाठी सातच मिलिसेकंद हातात असतात. त्यात कोठीच्या फेऱ्या परवडत नाहीत. ५८००एक्सचा डबा ३२ मेगाबाइटचा. नव्या प्रोसेसरात त्यावर ६४ मेगाबाइटचा दुसरा मजला चढवला आणि ९६ झाले. मजला वर असल्याने उष्णता नीट निघेना, म्हणून वेग आवरता घ्यावा लागला. २०२४च्या ९८००एक्स३डीमध्ये हा मजला गाभ्यांच्या, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या भागांच्या, खाली नेला आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत गेला.

२०१७चा बोर्ड जपून ठेवलेल्याला २०२२चा हा प्रोसेसर नुसता बायोस अद्ययावत करून बसवता आला. मला यात खरी श्रीमंती दिसते.

आज नवा संगणक जुळवणाऱ्याला मी एएम५ सांगेन. एएमडीने त्याला निदान २०२७पर्यंत साथ देण्याचं जाहीर केलं आहे. सुरुवातीला सहा गाभ्यांचा प्रोसेसर पुरे. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, विशेषतः ४के पडदा असेल तर, कारण तिथे बहुतेक भार कार्डावरच येतो. घरी चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल, तर एलजीए १७००चा विचार जरूर करा, पण ती वाट चौदाव्या पिढीपाशी संपते. बोर्डच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का, तेही पाहून घ्या. नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखता आला नाही, तर पेनड्राइव्ह लावून, प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो.

आणि एएम५मध्ये पिना प्रोसेसरवरून सॉकेटात गेल्या आहेत, एकूण १७१८. दुकानात बोर्ड हातात आला, की झाकण उघडून उजेडात तिरका धरा. एखादी जरी पिन वाकलेली असेल, तर तिची चमक रांगेतून फुटून दिसते. बिल होण्याआधीच ते दाखवा.