इजा झाली की जोर वाढतो: लोखंडी अतिवाहकांची गोष्ट

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात 2023 पासून प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होतात. असाच झोत, ऊर्जा कमी ठेवून, लोहयुक्त अतिवाहकावर सोडला तर त्यातून आधीपेक्षा जास्त वीज नेता येते. बारावीच्या वर्गात हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "सर, मारा केल्यावर वस्तू बिघडायला हवी ना?" बिघडतेच. फायदा त्या बिघाडातूनच होतो.

अतिवाहक म्हणजे खूप थंड केल्यावर ज्यात विजेला रोधच नसतो असा पदार्थ, पण त्याला किती प्रवाह झेपेल याला मर्यादा असते. तिला क्रांतिक प्रवाह म्हणतात. चुंबकीय क्षेत्र वाढलं की ते बारीक नळ्यांच्या रूपाने आत शिरतं आणि प्रत्येक नळीभोवती वीज गरगरत राहते. हेच भोवरे. अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी 1957 साली ते गणिताने मांडले. नोबेल मिळायला मात्र 2003 उजाडलं. तारेत प्रवाह सोडला की तो भोवऱ्यांना आडवं रेटतो. भोवरे सरकले की ऊर्जा खर्च होते, म्हणजे रोध परत आलाच.

दिवाळे गावचे कोळी ओहोटीत होडी वाहून जाऊ नये म्हणून ती खुंटाला बांधतात. स्फटिकातला दोष, म्हणजे अणूंची मांडणी बिघडलेली जागा, हा भोवऱ्याचा खुंट. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिवाहकता मोडलेलीच असते. ती आधीच मोडलेल्या जागी तो बसला की ऊर्जा वाचते, मग तो तिथून सहजी हलत नाही. हा गाभा जेमतेम काही नॅनोमीटरचा, त्यामुळे खुंटही त्याच मापाचे लागतात.

लोखंड आणि आर्सेनिक असलेल्या संयुगात 26 केल्विनला (सुमारे उणे 247 अंश सेल्सिअसला) अतिवाहकता सापडली ती 2008 साली, जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाला. सोन्याचे किंवा शिशाचे वेगवान आयन (विद्युतभारित अणू) अशा स्फटिकात घुसले की वाटेत काही नॅनोमीटर रुंदीचे खांबासारखे माग उमटतात, आणि भोवरा लांबीभर अडकतो. प्रोटॉन अणूंना जागेवरून ढकलून विखुरलेले बारीक दोष करतो. नमुना इतका पातळ घेतात की प्रोटॉन आरपार जावा, आत रुतून बसू नये. मारा अति झाला तर खुंटांचीच गर्दी होते. वीज वाहायला जागा उरत नाही आणि अतिवाहकता टिकण्याचं तापमानही घसरतं.

म्हणूनच 2016 चा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. लोखंड, सेलेनियम आणि टेल्युरियमच्या पातळ थरावर 190 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन सोडले. 4.2 केल्विनला, बाहेरचं क्षेत्र नसताना, क्रांतिक प्रवाह दुप्पट झाला. अतिवाहकता टिकण्याचं तापमान घसरण्याऐवजी 18 वरून 18.5 केल्विनवर गेलं, कारण दोषांभोवतीचा स्फटिक किंचित दाबला गेला होता.

किलोमीटरभर तार अशी झोताखाली धरणं परवडणारं नाही. पण खुंट केवढा आणि किती दाट हवा, हे या प्रयोगांतून कळतं. मग तसे दोष थर बनवतानाच पेरता येतात. बेरियम झिर्कोनेटचे नॅनोकण मिसळून हे करूनही झालं आहे.